शाम्वा : कड्यावरच्या प्राण्याचे नाव कुठून कुठे गेले

युरोपात आल्प्सच्या कड्यांवर, झाडोरा विरळ होत संपतो त्या उंचीवर, एक चपळ खुरी प्राणी राहतो. खांद्यापाशी उंची पाऊण मीटरच्या आसपास, पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण ३० ते ५० किलो. उन्हाळ्यात अंग तांबूस-तपकिरी, हिवाळ्यात जवळजवळ काळे. चेहरा फिकट, आणि त्यावर डोळ्यांवरून नाकाकडे उतरणारा काळा पट्टा. शिंगे नर-मादी दोघांनाही असतात. ती कपाळातून सरळ वर जातात आणि टोकाशी एकदम मागे वळतात. फ्रेंच लोक त्याला शाम्वा म्हणतात, जर्मन गेम्झे, इटालियन कामोशो. तो बकरी नाही आणि हरीणही नाही. इंग्रजी पुस्तके त्याला ‘गोट-अँटिलोप’ या जोडनावाच्या गटात बसवतात, म्हणजे शेळी आणि कुरंग यांच्या मधला.

या प्राण्याच्या नावाविषयी तीन प्रश्न विचारले जातात. शब्द मुळात कोणाचा? त्याचा अर्थ काय? आणि कड्यावरून निघालेला हा शब्द मोटारीची काच पुसण्याच्या फडक्यापर्यंत कसा पोचला? या तीन प्रश्नांवर आजवर जे हाती लागले आहे ते एकत्र मांडले, तर माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. नाव प्राण्याविषयी जेवढे सांगते, तेवढेच ते नाव घेणाऱ्याविषयी सांगते. डोंगरातला शिकारी, कातडी कमावणारा कारागीर, धर्मग्रंथाचा भाषांतरकार आणि प्राणिशास्त्रज्ञ या चौघांनी या एकाच प्राण्याकडे चार गरजांपोटी पाहिले. शब्दाचे आजचे सगळे अर्थ त्यांतून आले आहेत.

दोन जुनी नावे

रोमन जगातून या प्राण्याची दोन नावे आपल्यापर्यंत आली. पहिले ‘रुपिकाप्रा’. इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक महाग्रंथात रानबकऱ्यांचे प्रकार सांगताना हे नाव दिले आहे. लॅटिनमध्ये ‘रुपेस’ म्हणजे कडा आणि ‘काप्रा’ म्हणजे बकरी. नाव उघड आहे, फोड करताच अर्थ हाती येतो.

दुसरे नाव ‘कामोक्स’. ते पाचव्या शतकात, इ. स. ४४८-४४९च्या सुमारास, पोलेमिउस सिल्विउस या गॉल प्रांतातल्या लेखकाने आपल्या पंचांगवजा संग्रहात प्राण्यांच्या यादीमध्ये नोंदवले. सोबत स्पष्टीकरण नाही, वर्णन नाही. यादीतला एक शब्द, एवढेच. पण पुढच्या युरोपात वंश वाढला तो याच शब्दाचा. विद्वानांचे नाव पोथीत राहिले आणि डोंगरातल्या माणसांचे नाव बोलण्यात टिकले.

कामोक्स लॅटिन नाही, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. त्याची लॅटिनमध्ये फोड होत नाही. त्याची लेकरे नेमकी आल्प्सच्या भोवतीच्या भाषांत सापडतात. शिवाय त्याच्या आरंभी कुठे ‘क’ तर कुठे ‘ग’ दिसतो. एखादा शब्द मूळ भाषा नष्ट झाल्यावर वेगवेगळ्या शेजाऱ्यांनी आपापल्या कानाने उचलला की असा फरक पडतो. त्यामुळे रोमन येण्याआधी आल्प्समध्ये जी भाषा किंवा ज्या भाषा बोलल्या जात, त्यांतला हा शब्द असावा, असे मानले जाते. ती भाषा केल्टिक होती की त्याहून जुनी, यावर एकमत नाही. मुळात कामोक्सचा अर्थ काय होता, तेही त्या भाषेबरोबर गेले. उरला तो नुसता आवाज.

एका शब्दाचे कुटुंब

या आवाजाचे पुढे काय झाले हे मात्र पायरी पायरीने दाखवता येते. लॅटिन ‘का’ फ्रेंचमध्ये येताना ‘शा’ होतो, हा ध्वनिबदलाचा पक्का नियम आहे. ‘काबाल्लुस’ म्हणजे घोडा, त्याचा ‘शव्हाल’ झाला. ‘कांतारे’ म्हणजे गाणे, त्याचे ‘शांते’ झाले. त्याच वाटेने कामोक्सचा शाम्वा झाला. इटालियनने ‘का’ जपला, म्हणून तिथे कामोशो. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन भागातल्या रोमान्श बोलींत त्याचीच भावंडे आहेत. पोर्तुगीजमध्ये कामुर्सा, स्पॅनिशमध्ये गामूसा.

जर्मन भाषेत प्राचीन काळी ‘गामिझा’ होते. त्यावरून बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातल्या बोलींत ‘गाम्स’ आले आणि प्रमाण भाषेत ‘गेम्झे’. १९९६च्या शुद्धलेखन-सुधारणेत या शब्दाचा स्वर बदलून लिहायचे ठरले, कारण बोलीतल्या गाम्सशी त्याचे नाते लिखाणात दिसावे असे सुधारणा करणाऱ्यांना वाटले. उच्चार तोच राहिला, पण डोंगरातल्या बोलीला प्रमाणलेखनाने मान दिला. स्लोव्हेनियाने गाम्स जसाच्या तसा घेतला. चेक आणि स्लोव्हाक भाषांत तो ‘कामझीक’ झाला.

इंग्रजांच्या देशात हा प्राणी नाही. त्यांनी शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून घेतला. कानावर पडले तसे लिहिताना ‘शामॉय’सारखी रूपे झाली आणि त्यांतून ‘शॅमी’ निघाले. आज इंग्रजीत प्राण्याचा उच्चार ‘शॅम्वा’ होतो आणि त्याच अक्षरांत लिहिलेल्या कातड्याचा ‘शॅमी’. एकाच लेखनाचे हे दोन उच्चार दोन काळांतले आहेत.

इथे मराठी वाचकाने एका मोहापासून सावध राहायला हवे. शॅमी म्हणजे कातडे, आणि आपल्याकडे चाम, चामडे, चांभार. तेव्हा दोन्ही एकच असणार, असे चटकन वाटते. पण चाम हा संस्कृत ‘चर्म’पासून प्राकृतातल्या ‘चम्म’वाटे आलेला आहे, आणि फ्रेंच ‘शा’च्या मागे लॅटिन ‘का’ आहे. मागे जाऊ तसे हे दोन शब्द जवळ येत नाहीत, दूर जातात. शिवाय शाम्वाचा अर्थ मुळात प्राणी. कातडे हा फार नंतरचा अर्थ. असेच जपानी ‘कामोशिका’चे. हा शब्दही डोंगरातल्या एका शेळीवजा प्राण्याचाच, पण त्यातला ‘शिका’ म्हणजे हरीण, आणि कामोक्सशी त्याचे काही नाते नाही. फ्रान्समधल्या शामोनी गावाचे नावही शाम्वावरून आलेले नाही; त्या जागेची जुनी लॅटिन नोंद १०९१ची आहे आणि ती वेगळ्याच शब्दांची आहे. आवाजाचे साम्य हा नात्याचा पुरावा नसतो; बदलाची प्रत्येक पायरी दाखवावी लागते.

ज्यांनी नवे नाव घडवले

कामोक्सचे कुटुंब जिथे पोचले नाही, तिथल्या लोकांनी जे डोळ्यांना दिसले त्यावरून नाव ठेवले. रुमानियात तो ‘काप्रा न्याग्रा’, म्हणजे काळी बकरी, हिवाळ्यातल्या रंगावरून. क्रोएशिया, सर्बिया आणि बल्गेरियात त्याच्या नावाचा अर्थ रानबकरी. ग्रीक ‘अग्रिओगिदो’चाही तोच. पोलिश ‘कोझित्सा’ म्हणजे छोटी बकरी. तुर्की भाषेत आकडी-शिंगाची डोंगरबकरी असे पुरे वर्णनच नाव म्हणून येते. पिरेनीजमध्ये मात्र जुन्या शब्दांची दुसरीच जात टिकली आहे : कॅटलानमध्ये ‘इझार्त’, अरागॉनमध्ये ‘सारिओ’, आणि पश्चिमेला कान्ताब्रियन डोंगरांत ‘रेबेको’. चौदाव्या शतकात फ्वा परगण्याचा सरदार गास्तों फेब्युस याने १३८७मध्ये लिहायला घेतलेल्या शिकारीच्या ग्रंथात पिरेनीजमधला हा प्राणी तिथल्याच नावाने येतो. तो स्वतः त्या डोंगरांचा धनी होता आणि पट्टीचा शिकारी होता. त्याला उत्तरेकडच्या शब्दाची गरज पडली नाही.

रशियन नाव ‘सेर्ना’ आपल्यासाठी खास आहे. पोलिश आणि सर्बियन भाषांत याच शब्दाची भावंडे एका लहान हरणाला लावतात. रशियनमध्ये तो शाम्वाला लागला. शब्दाच्या मुळाशी ‘शिंग’ या अर्थाचा अतिप्राचीन धातू आहे, आणि त्याच धातूपासून संस्कृत ‘शृंग’ आणि पुढे आपले ‘शिंग’ आले. म्हणजे सेर्ना हा मुळात ‘शिंगाळा’. तो कोणत्या शिंगाळ्याला लावायचा, हे ज्या त्या मुलखाने आपल्या रानाकडे पाहून ठरवले.

अर्थाची अशी सरकासरकी आपल्याला परकी नाही. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे आधी कोणताही रानटी पशू. म्हणून सिंह मृगराज, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया. पुढे तो शब्द हरणापुरता आकसला. ‘शाम्वा म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तरही असेच विचारावे लागते : कोणत्या शतकात, आणि कोणाच्या तोंडी?

वर्णनावरून पडलेल्या नावांमध्ये भारतातले एक नाव लॅटिन रुपिकाप्राच्या थेट पंगतीत बसते. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, तामिळनाडू आणि केरळच्या उंच गवताळ कड्यांवर निलगिरी ताहर राहतो. त्याचे तमिळ नाव ‘वरैयाडु’. ‘वरै’ म्हणजे डोंगरकडा, ‘आडु’ म्हणजे बकरी. एकमेकांची ओळखही नसलेल्या दोन समाजांनी दोन वेगळ्या प्राण्यांकडे पाहून एकाच घडणीचा शब्द बनवला. तमिळ माणसाला हा प्राणी संगम साहित्याच्या काळापासून ओळखीचा आहे. इंग्रज शिकारी आले तेव्हा त्यांनी त्याला युरोपातल्या आयबेक्स या रानबकऱ्यावरून ‘निलगिरी आयबेक्स’ म्हटले, आणि हिमालयातल्या घुरलला ‘हिमालयातला शाम्वा’. जे नाव तिथे आधीच होते ते त्यांनी कानाआड केले आणि आपल्या ओळखीचे लावले.

शिकाऱ्याचा शब्द

ज्या समाजात एखादा प्राणी रोजच्या जगण्यात असतो, तिथे त्याच्या एका नावाने भागत नाही. आल्प्सच्या जर्मन बोलींत नर तो गाम्सबॉक, मादी गाम्सगाइस, पिल्लू गाम्सकिट्झ. शिंगांना वेगळा शब्द आहे. टोपीला लावायच्या केसांच्या तुऱ्याला ‘गाम्सबार्ट’ म्हणतात. शब्दशः ही शाम्वाची दाढी, पण शाम्वाला बोकडासारखी दाढी नसतेच. हे केस हिवाळी नराच्या पाठीच्या कण्यावरचे असतात. शाम्वाच्या पोटात सापडणाऱ्या केसांच्या गोळ्यांना औषध म्हणून मोल होते आणि सतराव्या शतकात त्यांवर विद्वानांनी ग्रंथ लिहिले. डोंगरातली कितीतरी रोपटी याच प्राण्याच्या नावाने ओळखली जातात, आणि स्वित्झर्लंडमध्ये पाळीव बकरीची एक जात ‘शाम्वारंगी’ म्हणून नोंदलेली आहे.

ही शिकार राजांचीही होती आणि गरिबांचीही. सम्राट पहिला माक्सिमिलियन शाम्वाच्या शिकारीचा शौकीन होता; त्याच्या पराक्रमांवर रचलेल्या १५१७च्या ‘टॉयरडांक’ या सचित्र काव्यात कड्यांवरच्या शिकारीचे प्रसंग वारंवार येतात. गरिबांसाठी मात्र तो पोटाचा आणि जिवाचा प्रश्न होता. ८ ऑगस्ट १७८६ रोजी डॉक्टर मिशेल पाकारबरोबर आल्प्समधल्या माँ ब्लांच्या शिखरावर पहिल्यांदा पोचलेला जाक बाल्मा हा शाम्वाचा शिकारी आणि स्फटिक शोधणारा होता. गिर्यारोहणाची सुरुवात ज्या पायांनी झाली, ते पाय शाम्वामागे धावून तयार झाले होते. माँ ब्लांवर कोणी चढावे म्हणून बक्षीस लावणाऱ्या ओरास द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने एका तरुण शिकाऱ्याची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याचा आजा आणि बाप शिकारीतच गेले होते. आपणही असेच जाणार हे त्याला ठाऊक होते, तरी तो थांबला नाही, आणि तसाच गेला. शाम्वा या शब्दाला डोंगरात जे वजन आहे ते अशा मरणांनी आले आहे.

दंतकथाही याच वजनाची आहे. स्लोव्हेनियात त्रिग्लाव शिखराच्या परिसरात ‘झ्लातोरोग’ नावाच्या सोनेरी शिंगांच्या पांढऱ्या गाम्सची कथा सांगतात. शिकारी त्याला गोळी घालतो, रक्त सांडते तिथे फूल उगवते, ते खाऊन प्राणी बरा होतो आणि शिकारी कड्यावरून कोसळतो. ही कथा १८६८मध्ये छापून आली. पांढरा शाम्वा मारणारा वर्षभरात मरतो, अशी समजूत ऑस्ट्रियातही होती. युवराज फ्रांझ फर्डिनांडने १९१३च्या ऑगस्टमध्ये असा एक प्राणी मारला, आणि २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत त्याची हत्या झाली. योगायोगच तो, पण लोक तो विसरले नाहीत, कारण शब्दाभोवती ही भीती आधीपासूनच होती.

कातड्याचा शब्द

शब्द डोंगराबाहेर नेला तो कातड्याने. शाम्वाचे कातडे मऊ आणि चिवट. ते कमावण्याची रीत साल किंवा तुरटी वापरण्याच्या रीतीहून वेगळी आहे. कातड्याचा केसांकडचा वरचा थर खरवडून काढतात, माशाचे तेल त्यात कुटून कुटून मुरवतात आणि ते उबदार हवेत टांगतात. हवेतल्या प्राणवायूने तेल कातड्याच्या धाग्यांना कायमचे धरून बसते. जादा तेल पिळून आणि धुऊन काढले की जे उरते ते पाणी शोषते, धुता येते आणि वाळले तरी पुन्हा मऊ होते.

कारागिराच्या दृष्टीने खरी गोष्ट ही रीत होती. प्राणी कोणता, याला दुय्यम महत्त्व. मेंढीचे किंवा हरणाचे कातडे याच रीतीने कमावले की तेही शाम्वाच म्हटले जाऊ लागले. फ्रेंचमध्ये या कामाचे क्रियापद झाले, कारागिराचे नाव झाले, आणि न्योर शहर या धंद्यासाठी नावारूपाला आले. जर्मनमध्ये या रीतीला ‘झेमिश’ म्हणतात. तो शब्दही बहुधा फ्रेंच शाम्वाचाच बदललेला अवतार आहे. तो पोलिशवाटे रशियनमध्ये ‘झाम्शा’ होऊन गेला. म्हणजे रशियन भाषेत प्राणी सेर्ना आणि कातडे झाम्शा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असावा याची शंकाही बोलणाऱ्याला येत नाही.

या कातड्याचे उपयोग पाहिले की शब्द इतका का पसरला ते कळते. सोन्याच्या खाणींवर पारा आणि सोने यांचे मिश्रण त्यातून पिळीत. पारा गळून जाई, सोने आत राही. सुरुवातीच्या विमानांत आणि मोटारींत पेट्रोल त्यातून गाळीत, कारण पेट्रोल पार होई आणि पाणी अडे. सायकलस्वारांच्या चड्डीतले अस्तर याच कातड्याचे असे. आज ते कृत्रिम कापडाचे असते, पण नाव शाम्वाच. स्पॅनिशमध्ये गामूसा म्हणजे आता धूळ पुसायचे फडकेही. १९९१च्या ब्रिटिश मानकात ‘शाम्वा कातडे’ म्हणजे मेंढीच्या किंवा कोकराच्या कातड्याचे, माशाच्या तेलाने कमावलेले कातडे, अशी व्याख्या आहे. आपल्याकडे मोटारींच्या सामानाच्या दुकानात मिळणारी पिवळी शॅमी तर कातडेही नाही, ते रासायनिक फडके आहे. आधी प्राणी गेला, मग कातडेही गेले, नाव राहिले.

भाषांतरकार आणि शास्त्रज्ञ

भाषांतरकाराने या शब्दाला अशा मुलखात नेले, जिथे हा प्राणी कधी नव्हता. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात चौदाव्या अध्यायात खाण्यास योग्य अशा प्राण्यांची यादी आहे. तिच्यातला शेवटचा प्राणी हिब्रूत ‘झेमेर’. तो नेमका कोणता, याची खूण पुढे हरवली. ग्रीक भाषांतरकारांनी तिथे जिराफ लिहिला. लॅटिन भाषांतराने तोच ठेवला. १६११च्या इंग्रजी बायबलने शाम्वा लिहिला. सिनायच्या वाळवंटातल्या माणसाने यांपैकी एकही कधी मारून खाल्ला असण्याचा संभव नाही. अलीकडची भाषांतरे रानमेंढी म्हणतात, जी त्या मुलखाला निदान जवळची आहे. अज्ञात शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसवला की वाचक सुखावतो, पण एका मुलखाचे प्राणिजीवन पुसले जाते.

प्राणिशास्त्राने जुन्या विद्वानांचा शब्द पुन्हा उचलला. लिनियसने १७५८मध्ये याला काप्रा रुपिकाप्रा, म्हणजे बकऱ्यांतली एक, असे नाव दिले. १८१६मध्ये ब्लँव्हिल या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने रुपिकाप्रा ही वेगळी प्रजाती केली. पुढे पिरेनीज, कान्ताब्रिया आणि इटलीच्या अपेनाइन डोंगरांतले शाम्वा ही वेगळी जात मानली गेली. गंमत अशी की पिरेनीजच्या बोलींनी हा भेद शास्त्राच्या कितीतरी आधी नावात ठेवला होता. इझार्त आणि शाम्वा हे एक नव्हेत, हे तिथला गुराखी पिढ्यान्‌पिढ्या बोलत होता. शाम्वा, घुरल, आशियातला सेरो आणि अमेरिकेतली डोंगरबकरी यांना एका गटात बांधणारी जुनी मांडणीही जनुकांच्या अभ्यासाने मोडली. ते सगळे एका शाखेचे नाहीत. आपल्या निलगिरी ताहरलाही २००५मध्ये हिमालयातल्या ताहरपासून वेगळे करून स्वतंत्र प्रजातीत ठेवले गेले, कारण तो मेंढ्यांच्या अधिक जवळचा निघाला. वरैयाडु या नावाला यातल्या कशाचाही धक्का लागला नाही, कारण त्या नावाने वंशाचा दावा कधी केलाच नव्हता. जागा तेवढी सांगितली होती.

शब्द आणि प्राणी एकत्र गेल्याचे एक ठळक उदाहरण न्यूझीलंडचे. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रांझ योझेफ याने भेट दिलेले शाम्वा १९०७मध्ये तिथल्या दक्षिण बेटावर माउंट कुकजवळ सोडले गेले. त्या बेटांवर वटवाघळांखेरीज जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता, त्यामुळे त्यांना नावासाठीही प्रतिस्पर्धी नव्हता. तिथे ते इतके वाढले की तिथल्या वनस्पतींचे नुकसान होऊ लागले. आल्प्समध्ये मानाचा असलेला शब्द तिथे उपद्रवाचा झाला.

मराठीत काय म्हणावे

शाम्वाचा मूळ अर्थ आज कोणी सांगू शकत नाही, पण त्याचे पुढचे सगळे अर्थ कसे आले ते सांगता येते. मग मराठीत या प्राण्याला काय म्हणावे? रानबकरी, डोंगरी हरीण असे शब्द मराठी भाषांतरांत अशा प्राण्यांसाठी सहज वापरले जातात. ते कानाला गोड आहेत, पण झेमेरच्या जागी जिराफ बसवणाऱ्यांनी जे केले तेच ते करतात : शाम्वा, आयबेक्स, घुरल, ताहर सगळे एका पोत्यात जातात. सह्याद्रीच्या आपल्या भागात यांतला एकही प्राणी नाही, म्हणून मराठीने यांच्यासाठी शब्द घडवला नाही; यात उणेपणा काही नाही. ज्यांनी या प्राण्यांबरोबर शतके काढली त्यांचा शब्द घ्यावा, हा सरळ मार्ग आहे. आल्प्समधला तो शाम्वा, पिरेनीजमधला इझार्त, हिमालयातला घुरल, आणि निलगिरीवरचा वरैयाडु. ‘निलगिरी ताहर’ हे सरकारी कागदांवर राहो, पण मुन्नारच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्या मराठी पर्यटकाने आणि त्यावर लिहिणाऱ्या मराठी लेखकाने वरैयाडु हा शब्द शिकून घ्यावा आणि वापरावा. त्या एका शब्दात कडाही आहे, प्राणीही आहे आणि त्याला पहिल्यांदा ओळखणारी माणसेही आहेत.